चोक तू जास्त ओढतेस

अप्पांचा उजवा हात अधू झाला त्या वर्षी मला अठरावं लागलं होतं, आणि म्हणून गाडी माझ्या हातात आली. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा म्हैसूरला शिकत होता. तो इथे असता तर ती त्याच्याकडेच गेली असती, यात मला कधी शंका वाटली नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, डॉक्टर होते. बसवनगुडीतल्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांचा दवाखाना होता, आणि दर रविवारी ते देवनहळ्ळीला जायचे. तिथे किल्ल्याच्या आत एका ओळखीच्यांच्या ओसरीवर बसून दुपारपर्यंत रोगी तपासायचे. पैसे घेत नसत, पण येताना गाडीच्या मागच्या सीटवर चक्कोता, म्हणजे आपली पपनसं, गडगडत असायची. गाडी अमेरिकन होती, युद्धाच्या पुष्कळ आधीची. काळी, उंच, पाय ठेवायला बाहेर लांब फळी असलेली. अप्पांनी ती एका परत निघालेल्या साहेबाकडून घेतली होती.

अर्धांगाच्या झटक्यातून ते उठले, बोलणं परत आलं, पण उजव्या मुठीत जोर येईना. दोन रविवार देवनहळ्ळी चुकली. तिसऱ्या रविवारी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, चल, बनशंकरीच्या रस्त्याला जाऊन येऊ. त्या दिवशी शेजारच्या एका गृहस्थांनी गाडी तिथपर्यंत नेली आणि मग ते उतरून झाडाखाली बसले. बनशंकरीचं देऊळ तेव्हा गावाबाहेर होतं. दोन्हीकडे नाचणीची शेतं, मध्ये लाल मातीचा रस्ता, आणि दिवसातून चार बैलगाड्या. चुकायला भरपूर जागा होती.

अप्पांनी मला शिकवलं ते कानानं. डोळे रस्त्यावर ठेव आणि कान इंजिनावर, असं ते म्हणायचे. चोक कसा ओढायचा हे त्यांनी मला पुनःपुन्हा सांगितलं. चोक म्हणजे इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त आणि हवा कमी जावी म्हणून ओढायची एक दांडी. ती फार ओढली की पेट्रोल फाजील होतं, प्लग भिजतात आणि गाडी बसते. "स्वल्प," ते म्हणायचे, "स्वल्प ओढ, आणि सोड." मराठी बोलता बोलता आमच्या घरात असे कानडी शब्द यायचेच. तो शब्द माझ्या मनगटातच बसला होता म्हणा ना. सहा महिन्यांत मी त्यांना घेऊन देवनहळ्ळीला जायला लागले, आणि दोन वर्षांत एक रविवार चुकला नाही. शुक्रवारी आई मागच्या सीटवर फुलांची परडी मांडीवर घेऊन बसायची आणि मी तिला बनशंकरीला न्यायची. देवळाच्या पायरीवर कुणी चौकशी केली तर ती म्हणायची, लेकीनं आणलं. ते ती किती अभिमानानं म्हणायची, हे मला पुढे फार आठवत राहिलं.

अप्पा गेले तेव्हा अण्णाचं शिक्षण संपत आलं होतं. जाण्याच्या आधी चार दिवस त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं की गाडीची किल्ली हिच्याकडे राहू दे. अण्णा पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्यानं मान हलवली.

वर्षाच्या आत त्याला टेलिफोनच्या कारखान्यात नोकरी लागली आणि तो घरी राहायला आला. माझ्यासाठी तो मोठा आनंद होता. अण्णा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. लहानपणी माझी पाटी, माझी शिवण, माझे गणिताचे पेपर सगळं त्याच्या नजरेखालून जायचं. यंत्राबद्दल तो जे म्हणेल ते आमच्या घरात शेवटचं असायचं.

दरम्यान अप्पांचा देवनहळ्ळीचा दवाखाना एका लेडी डॉक्टरनी चालवायला घेतला होता. त्या पन्नाशीच्या, अविवाहित, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मला विचारलं, तू मला दर रविवारी नेशील का? मी लगेच हो म्हटलं. पुढे त्यांनी हेही सांगितलं की आसपासच्या खेड्यांत बाळंतिणींसाठी एक केंद्र निघणार आहे, तिथे गाडी चालवणारी आणि वही ठेवणारी एक मुलगी लागेल, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे मीच आहे. मी वीस वर्षांची होते. घरी येऊन मी हे आईला सांगितलं, अण्णाला सांगितलं. अण्णा म्हणाला, बघू या.

त्याच सुमाराला पेट्रोल बदललं. पेट्रोल पंपाला आम्ही बंक म्हणायचो. आमच्या बंकवाल्यानं एक दिवस सांगितलं की आता पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळून येतं, उसाच्या मळीपासून काढलेलं. युद्धाच्या दिवसांतही असं मिसळत, पण तेव्हा आमची गाडी चाकं काढून विटांवर उभी होती. नंतर ते कधी यायचं, कधी नाही. त्या वर्षापासून आमच्या बंकावर तेच यायला लागलं. मी घरी येऊन अण्णाला विचारलं, तर त्यानं मला बसवून समजावलं की हे नव्या जमान्याचं पेट्रोल आहे, आपल्याच उसाचं आहे, बाहेरून कमी आणावं लागेल, इंजिनही थंड राहील. मला ते पटलं, आणि आपला भाऊ किती जाणतो असंही वाटलं.

तीन-चार आठवड्यांत गाडी बिघडायला लागली. सुरू व्हायची, थोडी चालायची, मग मागून काळा धूर. उभी केली की खाली जमिनीवर थेंब पडलेले दिसायचे, आणि पेट्रोलच्या वासात दवाखान्यातल्या स्पिरिटचा वास. एका रविवारी लेडी डॉक्टरना घेऊन निघाले आणि हेब्बाळच्या तलावापाशी गाडी जी बसली ती उठेचना. मी बॉनेट उघडलं, प्लग काढून पुसले, परत लावले. काही उपयोग झाला नाही. डॉक्टरांनी तासभर वाट पाहिली. मग देवनहळ्ळीची बस आली तशी त्या बॅग उचलून तिच्यात चढल्या. रागावल्या नाहीत. मी उन्हात गाडीजवळ उभी राहिले आणि एका सायकलवाल्याबरोबर अण्णाला निरोप पाठवला.

तो आला तेव्हा दुपार झाली होती. त्यानं कोट काढून ठेवला, बाह्या वर केल्या, एक प्लग काढून माझ्यासमोर धरला. तो ओला होता.

"चोक तू जास्त ओढतेस," तो म्हणाला.

मी म्हटलं, मी अप्पांनी शिकवलं तसंच ओढते. तो म्हणाला, अप्पा शेजारी बसायचे तेव्हा ओढत असशील. त्याच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी माझं गणित चुकलं की असाच बोलायचा.

पुढच्या रविवारी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्या रविवारीही. मी सकाळी लवकर उठून अंगणात गाडी सुरू करायचा सराव करू लागले. एक दिवस मी चोकला हातच लावला नाही. इंजिन कसंबसं लागलं, आणि तरीही पाच मिनिटांत भिजून बंद पडलं. मी पळत जाऊन अण्णाला सांगितलं की आज मी तो ओढलाच नव्हता. तो दाढी करत होता. आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाला की न ओढता थंड गाडी लागतच नाही, तुझ्याकडून नकळत ओढला गेला असेल. मी परत अंगणात आले, त्या दांडीकडे बघत बसले, आणि खरंच मला आठवेना. हात लावला होता की नव्हता? माझ्या हातानं काय केलं हे मला दुसऱ्याला विचारावं लागेल, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

मग त्यानं गाडी ओढून गॅरेजात नेली. आमचा मेकॅनिक बेळगावकडचा होता, अप्पांच्या वेळेपासूनचा, लालबागेच्या अलीकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करायचा. चार दिवसांनी गाडी परत आली, तशीच. अण्णानं सांगितलं की मेकॅनिकही तेच म्हणतो, चुकीच्या हातानं इंजिन आतून खराब झालं आहे, आता हिला विश्रांती द्या. गाडी आमच्या अंगणातल्या शेडमध्ये गेली. किल्ली मी स्वतःच त्याच्या हातात दिली. अप्पांची गाडी मी मोडली होती, ती माझ्याकडे कशाला?

लेडी डॉक्टर काही रविवार बसनं गेल्या. एकदा मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं की माझ्याच्यानं हे होणार नाही. त्यांनी विचारलं, गाडीमुळे की तुझ्यामुळे? मी म्हटलं, माझ्यामुळे. केंद्र निघालं तेव्हा त्यांनी दुसरी मुलगी घेतली. ते बरोबरच होतं.

त्याच हिवाळ्यात मला स्थळ आलं. मुलगा कॉलेजात शिकवायचा, घर चामराजपेटेत, आमच्यासारखंच पिढ्यान् पिढ्या इथलं मराठी घराणं. पाहायला आले तेव्हा तो फारसा बोलला नाही. मीही नाही. लग्न झालं.

लग्नानंतर चार-पाच महिन्यांनी गौरी-गणपतीला अण्णा मला न्यायला आला, तो गाडी घेऊनच. काळी गाडी दारात उभी, इंजिन शिवणाच्या मशीनसारखं एका लयीत चाललेलं. मी धावत बाहेर गेले. त्यानं सांगितलं की कार्ब्युरेटर दुरुस्त करून घेतला, आता त्रास नाही. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मी मागच्या सीटवर बसले. त्यानं पुढे बस म्हटलं नाही, आणि मलाही ते सुचलं नाही.

यानंतर सहा-सात वर्षं गेली. मला दोन मुलं झाली. अण्णाचंही लग्न झालं, तो त्याच गाडीतून बायकोला आणि आईला बनशंकरीला न्यायचा. मी गाडी चालवायचे, हे घरातल्या कुणाच्या बोलण्यातही राहिलं नाही.

एकदा आमची स्कूटर बंद पडली. माझ्या नवऱ्याला कुठलं गॅरेज ठाऊक नव्हतं, म्हणून मीच त्याला लालबागेजवळच्या त्या शेडमध्ये घेऊन गेले. मेकॅनिक म्हातारा झाला होता, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. त्यानं मला लगेच ओळखलं.

"काय वो अक्का, किती वर्षांनी," तो म्हणाला. चहा मागवला. स्कूटर उघडता उघडता अप्पांच्या आठवणी काढल्या. मग सहज विचारलं, तो पितळेचा फ्लोट अजून चांगला आहे न्हवं?

मी विचारलं, कुठला फ्लोट?

त्यानं ते फार सोपं करून सांगितलं, बहुधा मी विसरले असेन असं समजून. पेट्रोल आणि हवा जिथे मिसळते त्या कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोलवर एक तुकडा तरंगत असतो, त्याला फ्लोट म्हणतात. वाटी भरली की तो वर येतो आणि पेट्रोलचं भोक बंद करतो. आमच्या त्या जुन्या गाडीत तो बुचाचा होता, आणि बुचानं पेट्रोल पिऊ नये म्हणून त्यावर चपड्याचा, म्हणजे लाखेचा, हात दिलेला होता. "सुतार पॉलिश कशात करतो, अक्का? स्पिरिटात चपडा विरघळवतो. तसंच झालं. नव्या पेट्रोलातल्या स्पिरिटानं चपडा खाल्ला, बूच भिजलं, जड झालं, बुडालं. मग पेट्रोल वाहतच राहणार. त्यात चालवणाऱ्याचं काय?"

त्यानं ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. दोन जुन्या गाड्या त्याच महिन्यात त्याच दुखण्यानं त्याच्याकडे आल्या होत्या. पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारातल्या, तांबटाकडून त्यानं पितळेच्या पातळ पत्र्याचा पोकळ फ्लोट डाग देऊन करून आणला, त्याच आठवड्यात.

"मी अण्णांना सांगितलो, आजच बसवतो, अर्ध्या तासाचं काम," तो म्हणाला. "ते म्हणाले, आता नको, मी सांगेन तेव्हा. आठ महिने त्या डब्यात पडून होता. तुमचं लग्न झालं, आणि मग एक दिवस येऊन बसवून घेऊन गेले. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

माझ्या चेहऱ्याकडे बघून तो थांबला. मग त्यानं चष्मा काढून पुसला आणि स्कूटरकडे वळला.

मी तिथे रडले नाही. घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी नवऱ्याला मागचं सगळं सांगितलं, वाऱ्यात, त्याच्या कानाशी. घरी पोचल्यावर त्यानं स्कूटर उभी केली. मग त्यानं जे सांगितलं ते मला तोवर माहीत नव्हतं. माझं स्थळ त्याला त्याच्या एका मित्रानं सुचवलं होतं, ते मुळात मोटार चालवणारी मुलगी म्हणून. त्याला त्याचं फार अप्रूप वाटलं होतं. पाहायला आला तेव्हा त्यानं अंगणात अण्णाला विचारलं, गाडी चालवतात ना या? अण्णा म्हणाला होता, चालवायची, पण तिला भीती बसली, आता तो विषयही काढलेला तिला सोसत नाही. म्हणून इतकी वर्षं त्यानं माझ्यासमोर तो विषय काढला नव्हता. त्याच्या मतानं तो मला जपत होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी एकटीच माहेरी गेले. अण्णा पुढच्या खोलीत, अप्पांच्या दवाखान्याच्या खोलीत, पेपर वाचत होता. मी दार लोटून घेतलं आणि मेकॅनिकनं सांगितलेलं सगळं एका दमात सांगितलं. त्यानं नाकारलं नाही. पेपरची घडी घालत म्हणाला की आईला काळजी होती, मुलगी अशी खेड्यापाड्यांतून मोटार घेऊन हिंडते म्हटल्यावर स्थळं कशी येणार. मी म्हटलं, मग तसं सांगायचं होतं. गाडी बंद कर म्हणायचं होतं. मी भांडले असते, कदाचित ऐकलंही असतं. माझा हात चुकीचा आहे असं का सांगितलंस?

त्यानं घडी घातलेला पेपर बाजूला ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी सुट्टीला घरी यायचो तेव्हा अप्पा मला मागच्या सीटवर बसवायचे. तू चालवायचीस, ते तुझ्या शेजारी. मी मागे, पपनसांबरोबर."

तो तेव्हा तेवीस वर्षांचा होता, आणि आता तो दोन मुलींचा बाप होता. मला त्याची कीव यायला हवी होती. आलीही थोडी. पण त्याहून जास्त मला तो आरसा दिसत होता, दाढीचा फेस लावलेलं त्याचं तोंड, आणि मी दारात उभी राहून सांगत होते की आज मी तो ओढलाच नव्हता. गॅरेजातून आल्यावर त्याच्या तोंडून एक शब्द पुरला असता.

तो उठून किल्ली घेऊन आला. म्हणाला, घे, चालव, आत्ता जाऊ बनशंकरीपर्यंत. मी म्हटलं, नको.

स्वयंपाकघरात आई अप्पे करत होती. मी तिला विचारलं. तिनं अप्पेपात्र खाली उतरवलं. ती म्हणाली की तिनं फक्त एवढंच म्हटलं होतं, स्थळ ठरेपर्यंत महिनाभर गाडी बंद ठेवा. मेकॅनिकचं, फ्लोटचं तिला काही माहीत नव्हतं. मग म्हणाली, पण तू म्हणायचीस की माझ्यामुळे बिघडली, तेव्हा मला वाटलं होतं की हे काही खरं नसावं. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, तू गप्प झाली होतीस ना. मला वाटलं, बरंच झालं.

मला ते अण्णाच्या बोलण्याहून जास्त लागलं. त्याच्यावर रागावता तरी आलं. आईनं पदराला हात पुसले, मला बशीत दोन अप्पे वाढले, आणि मी ते खाल्ले, कारण तिनं वाढले होते.

लेडी डॉक्टर तोवर निवृत्त होऊन गावी गेल्या होत्या. मी त्यांना पत्र लिहिलं, सगळं लिहिलं, आणि त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. त्यांनी लिहिलं होतं की त्या दिवशी मी 'माझ्यामुळे' असं म्हणाले ते त्यांनी खरं मानलं, ती त्यांची चूक होती. गाडी त्यांनी स्वतः दुसऱ्या कुणाला दाखवायला हवी होती. माझी कुणी माफी मागितली नसताना हे एकच पत्र आलं, तेही ज्यांचं काही चुकलं नव्हतं त्यांच्याकडून.

दोन वर्षांनी नवऱ्यानं एक जुनी, लहानशी गाडी घेतली. मी पुन्हा शिकले. पहिल्या दिवशी चोकच्या दांडीवर हात ठेवला आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला विचारलं, एवढी ओढली तर पुरे ना? ती शंका कधी गेली नाही. आताही थंडीच्या सकाळी गाडी लागायला वेळ लागला की पहिल्यांदा मनात येतं, आपलंच काहीतरी चुकलं.

अण्णाशी मी भांडण ठेवलं नाही. भाऊबीजेला जात राहिले, ओवाळत राहिले. त्याच्या मुलींच्या लग्नांत चार-चार दिवस आधीपासून जाऊन राबले. फक्त तो काही सांगायला लागला की, कुठली गाडी किती वाजता सुटते, कुठला डॉक्टर चांगला, पावसात गच्ची का गळते, मी नीट ऐकून घ्यायची, हो म्हणायची, आणि घरी आल्यावर दुसऱ्या कुणाला तरी विचारून खात्री करून घ्यायची. त्याचं सांगणं बहुतेक वेळा बरोबरच निघायचं.